अपशब्दाचे गाव

१९९० साली जपानमधील ओसाका शहरातून प्रसारित होणाऱ्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाकडे एका गृहस्थांचे पत्र आले. कार्यक्रमाचे नाव 'तान्तेई! नाइट स्कूप'. 'तान्तेई' म्हणजे गुप्तहेर. प्रेक्षकांनी आपल्या बारीकसारीक शंका लिहून पाठवायच्या आणि कार्यक्रमातल्या 'गुप्तहेरां'नी गावोगाव हिंडून त्यांचा छडा लावायचा, असा हा विनोदी बेत १९८८ साली सुरू झाला. पत्रातले म्हणणे थोडक्यात असे होते : मी ओसाकाकडचा, बायको टोकियोची. भांडण झाले की मी तिला 'अहो' म्हणतो, ती मला 'बाका' म्हणते. दोघांच्याही कानांना दुसऱ्याचा शब्द सवयीचा नाही, त्यामुळे दोघेही फार दुखावतो. तेव्हा टोकियोहून इकडे येताना 'बाका' कुठे संपतो आणि 'अहो' कुठे सुरू होतो, तेवढे शोधून काढावे.

दोन्ही शब्दांचा कोशातला अर्थ एकच : मूर्ख. मराठी वाचकाला इथे हसू येणारच. आपल्याकडे बायकांनी पिढ्यान् पिढ्या नवऱ्याचे नाव न घेता त्याला ज्या शब्दाने हाक मारली, त्याच उच्चाराचा शब्द ओसाकात मूर्खाला लावतात. (दोन्ही अर्थ एकाच हाकेत बसतात, असे म्हणणाऱ्या गृहिणीही निघतील.) टोकियोचा 'बाका' तर आपल्याला बाक्या प्रसंगाचीच आठवण करून देतो. पण हसून झाल्यावर त्या पत्रातले एक क्रियापद मागे उरते, आणि ते म्हणजे 'दुखावतो'. अर्थ एक, रागाचे कारणही घरगुती, बोलणारी माणसे एकमेकांची. मग नेमके लागते काय आणि लागते कशामुळे?

ओसाकाच्या माणसाला 'अहो' म्हटले तर सहसा त्याला ते लागत नाही. तिकडे आई मुलाला, मित्र मित्राला, बायको नवऱ्याला दिवसभर अहो म्हणत असते. आपण 'खुळा आहेस अगदी' म्हणताना आवाजात जी माया येते, तीच माया 'अहो या ना' या त्यांच्या बोलण्यात असते. त्याच माणसाला कुणी 'बाका' म्हटले, तर मात्र कुणीतरी वरच्या पायरीवरून आपल्याला हिणवल्यासारखे त्याला वाटते. टोकियोच्या माणसाचे नेमके उलटे. त्याच्या लहानपणात 'बाका' हा शब्द आजीच्या कुरकुरीत आणि थोरल्या बहिणीच्या चिडवण्यात मुरलेला असतो. 'अहो' ऐकला की त्याला तो परका, उघडावाघडा आणि जहरी वाटतो. एकाची माया ती दुसऱ्याची शिवी.

त्या कार्यक्रमाने प्रश्न हसण्यावारी नेला नाही, किंवा नेला म्हणूनच इतका धसास लावला, असेही म्हणता येईल. गुप्तहेर टोकियोच्या स्थानकावरून निघाला आणि वाटेत भेटेल त्याला मूर्खाला काय म्हणता असे विचारत पश्चिमेकडे सरकू लागला. दोन शब्दांमधली रेषा शोधायला निघालेल्या त्या माणसाला नागोयाजवळ तिसराच शब्द भेटला : 'तावाके'. म्हणजे 'बाका' आणि 'अहो' यांची शीव एकमेकांना लागतच नव्हती. मध्ये एक वेगळेच राज्य होते. 'तावाके' संपून 'अहो' सुरू होतो ती जागा शोधत तो सेकिगाहाराच्या परिसरात पोचला. सेकिगाहारा म्हणजे १६०० साली जिथे पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या सैन्यांची निर्णायक लढाई झाली ती खिंड. जपानी इतिहासाची घडी जिथे मोडली, तिथेच मूर्खपणाचे नावही बदलत होते.

पुढे कार्यक्रमाचे निर्माते मात्सुमोतो ओसामु यांनी देशभरच्या तीन हजारांहून अधिक नगरपालिका आणि गावांच्या शिक्षणमंडळांकडे प्रश्नावली धाडली. मे १९९१ मध्ये शिव्यांचा नकाशा पडद्यावर आला आणि १९९३ साली त्यावर त्यांचे पुस्तक निघाले. नकाशात असे दिसले की मूर्खवाचक शब्द क्योतो या जुन्या राजधानीभोवती वर्तुळांसारखे पसरलेले आहेत. एकच शब्द क्योतोच्या पूर्वेला दूर आणि पश्चिमेलाही तितकाच दूर सापडतो, मध्ये मात्र नाही. लोकसाहित्याचे थोर अभ्यासक यानागिता कुनिओ यांनी गोगलगाईच्या नावांवरून १९२७ पासून हाच सिद्धान्त मांडला होता : नवा शब्द राजधानीत जन्मतो, पाण्यात दगड टाकल्यावर तरंग उठावे तसा हळूहळू बाहेर सरकतो, आणि राजधानीत त्याची जागा पुढचा शब्द घेतो. म्हणून सर्वांत लांबच्या गावात सर्वांत जुना शब्द जिवंत असतो. गोगलगाईने जे सांगितले, ते शिव्यांनी मोठ्या दिमाखात सिद्ध करून दाखवले. या हिशेबाने 'बाका' हा क्योतोचाच जुना शब्द, आणि 'अहो' हा त्याच्या मागून आलेला. टोकियोची बायको ज्या शब्दाने ओसाकाच्या नवऱ्याला दुखावत होती, तो त्याच्याच मुलखातून फार पूर्वी बाहेर पडलेला होता.

या नकाशातले शब्द पाहण्यासारखे आहेत. इशिकावा आणि तोयामाकडे 'दारा', तोत्तोरी-शिमानेकडे 'दाराझु'. मूळ अर्थ 'न पुरणारा', 'अपुरा'. आपला 'अर्धवट' तो हाच. होक्काइदोत आणि उत्तरेकडे 'हान्काकुसाई', ओकायामात 'आन्गो', इबाराकीकडे 'गोजाप्पे', ओकिनावात 'फुरिमुन'. फुरिमुनचे मूळ 'भुललेला', 'मन हरवलेला' या अर्थाच्या जुन्या जपानी शब्दात आहे, असे मात्सुमोतोंचे प्रतिपादन आहे. त्याच क्रियापदाचा आजच्या जपानीत अर्थ 'प्रेमात पडणे' असा आहे. ईशान्येच्या टोकाला आणि दक्षिणेच्या क्यूशूमध्ये 'होन्जिनाशी' सापडतो. 'होन्जी' ही बौद्ध कल्पना : देवाच्या प्रकट रूपामागचे त्याचे मूळ स्वरूप. ज्याला ते मूळच उरले नाही, जो आपल्या मूळ भानावर नाही, तो होन्जिनाशी. एवढे तत्त्वज्ञान कोंबलेली शिवी गावकऱ्यांनी शतकानुशतके एकमेकांना दिली, हे मला फार गोड वाटते.

'तावाके'ची गंमत आणखी निराळी. लोक त्याची फोड 'ता' म्हणजे शेत आणि 'वाके' म्हणजे वाटणी अशी करतात. जो मुलांमध्ये शेताचे तुकडे पाडून घर भिकेला लावतो, तो मूर्ख. व्युत्पत्ती म्हणून हे खरे नाही. मूळ क्रियापदाचा अर्थ वेड्यासारखे वागणे एवढाच आहे. पण बांधावरून भावाभावांची डोकी फुटलेली ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही खोटी व्युत्पत्ती खऱ्याहून पटेल. 'बाका'विषयी तर कथाच कथा आहेत. तो लिहिताना 'घोडा' आणि 'हरिण' ही दोन चिन्हे वापरतात, त्यामुळे चिनी इतिहासातली झाओ गाओची गोष्ट त्याला चिकटली. या कारस्थानी मंत्र्याने दरबारात हरिण आणून त्याला घोडा म्हटले, आणि जे हरिणाला हरिण म्हणाले त्यांना पुढे शिक्षा केली. (गोष्ट खरी मानली तर दरबारात मूर्ख कुणीच नव्हते. भ्यालेले होते.) दुसरी व्युत्पत्ती जपानी कोशांत दिलेली असते, आणि ती आपल्याला थेट घरी आणून सोडते : 'बाका' हा संस्कृत 'मोह' या शब्दावरून भिक्षूंच्या आपापसातल्या बोलीतून आला असावा. राग, द्वेष, मोह यांतला मोह, म्हणजे अज्ञानाचा अंधार. हे खरे असेल तर टोकियोची ती बाई नवऱ्याला भांडणात बुद्धाने सांगितलेल्या तीन विषांपैकी एकाचे नाव घेऊन हाक मारत होती. मात्सुमोतोंना मात्र ही व्युत्पत्ती मान्य नाही. त्यांच्या मते हा शब्द चिनी कवी बाय जूयी याच्या काव्यात आलेल्या, वैभव लयाला गेलेल्या 'मा' घराण्याच्या नावावरून आला.

मात्सुमोतोंच्या विवेचनातला मला सर्वांत विचार करायला लावणारा भाग याच्यापुढे आहे. त्यांचे म्हणणे असे की यांतले बहुतेक शब्द जन्मतः शिव्या नव्हतेच. माणसाच्या तोंडावर 'तुला अक्कल नाही' असे म्हणणे क्योतोच्या लोकांना जड जाई, म्हणून ते आडून, एखाद्या कवितेचा किंवा उपमेचा आधार घेऊन, हसत बोलत. वापरून वापरून तो आडपडदा झिजला, आतला अर्थ बोचू लागला, की नवा पडदा शोधायचा. जुना, झिजलेला शब्द तोपर्यंत बाहेरच्या खेड्यांत पोचलेला असे. आपल्याकडेही 'अजागळ' म्हणताना शेळीच्या गळ्याला लोंबणारे निरुपयोगी स्तन कुणाच्या डोळ्यांसमोर येतात? 'अजागलस्तन' ही संस्कृत पंडितांची उपमा होती. आता ती शर्टाचे बटण चुकीचे लावलेल्या मुलासाठी आहे.

म्हणजे शिवीच्या पोटात एके काळी दया होती. हे मान्य केले तर नीतीचा प्रश्न सोपा होत नाही, अवघड होतो. शब्द जन्मतः सौम्य होता, मनातही काही नव्हते, असे सांगून कुणाला सुटता येईल काय?

'माझ्या मनात तसे काही नव्हते' हे वाक्य प्रत्येक भाषेत आहे आणि प्रत्येक भाषेत ते दोन प्रकारची माणसे वापरतात : ज्यांच्या मनात खरोखर काही नव्हते ती, आणि ज्यांच्या मनात सगळे होते ती. ओसाकातल्या वर्गात सगळ्या मुलांनी एकाच मुलाला रोज अहो म्हणायचे ठरवले, तर 'आमच्याकडे हा प्रेमाचा शब्द आहे' हे समर्थन चालणार नाही. प्रेमाचा शब्द आहे हे खरेच आहे. पण त्या मुलाला उलट अहो म्हणायची मुभा आहे का, हे आधी बघायला हवे. ओसाकाच्या मान्झाई या दुकलीच्या विनोदात एक जण मूर्खाचे सोंग घेतो, दुसरा त्याच्या डोक्यावर चापट मारून 'अहो' म्हणतो. चापट खाणारा ती खायला स्वतःहून उभा असतो, आणि टाळ्या त्यालाच जास्त पडतात. ही संमती काढून घेतली की उरते ती नुसती चापट. शिवाय ओसाकालाही खरा राग येतो, आणि तेव्हा त्याच शब्दाला पुढे एक अक्षर जोडून 'दोअहो' होते. माया आणि मारहाण यांतला फरक तिथल्या लोकांना बरोबर कळतो. परगावच्याला तो कळत नाही, इतकेच.

मग ऐकणाऱ्याचा कान हाच न्यायाधीश मानावा काय? तेही मला पटत नाही. असे मानले तर ज्याचे कातडे सर्वांत पातळ, त्याच्या हाती सगळ्या गावाचे बोलणे जाईल. आणि कान तरी निर्विकार कुठे असतो? २८ फेब्रुवारी १९५३ रोजी जपानच्या संसदेच्या अर्थसंकल्प समितीत पंतप्रधान योशिदा शिगेरू आणि विरोधी बाकांवरचे निशिमुरा एइइची यांची जुंपली. प्रश्नोत्तरे तापली, आणि योशिदा खाली बसता बसता स्वतःशीच पुटपुटले, 'बाकायारो.' 'मूर्ख लेकाचा' इतकाच अर्थ. ध्वनिक्षेपकाने ते पकडले, निशिमुरांनी ऐकले, गदारोळ झाला. योशिदांनी शब्द मागे घेतला, पण प्रकरण थांबले नाही. त्यांच्यावर शिस्तभंगाचा ठराव मंजूर झाला, १४ मार्चला अविश्वासाचा ठरावही मंजूर झाला, सभागृह विसर्जित झाले आणि एप्रिलमध्ये देशाला मतदान करावे लागले. जपानच्या इतिहासात ते 'बाकायारो विसर्जन' म्हणूनच ओळखले जाते. योशिदांच्या स्वतःच्या पक्षातली फूट नसती तर त्या शब्दाला एवढे वजन आले नसते, हे उघड आहे. ज्यांना दुखवून घ्यायचे होते त्यांना निमित्त मिळाले. निशिमुरा हे ओसाकाकडून निवडून आलेले होते, आणि योशिदा टोकियोत जन्मलेले. यावरून काही सिद्ध होत नाही, पण नाइट स्कूपच्या त्या पत्राची आठवण आल्याशिवाय राहत नाही.

हेतू पुरेसा नाही आणि कानही पुरेसा नाही, मग पत्रातल्या जोडप्याचे काय करायचे? माझे मत असे आहे की पहिल्यांदा उच्चारलेला शब्द आणि दुसऱ्यांदा उच्चारलेला शब्द हे दोन वेगळे शब्द असतात. पहिला 'अहो' नवऱ्याने आपल्या आईच्या घरातून आणलेला. तो बायकोला लागेल हे त्याला माहीत असण्याचे कारण नाही, आणि त्याचा दोष त्याला देता येणार नाही. पण तिचा चेहरा पडलेला पाहिल्यावर पुढच्या भांडणात तो शब्द जिभेवर येतो, तेव्हा तो ओसाकाचा राहिलेला नसतो. आता त्याला माहीत असते की हा लागतो, आणि म्हणूनच तो हाताशी येतो. कोशातला अर्थ तोच, गावही तेच. फक्त मधल्या काळात ज्ञान झालेले असते. आपण शब्दांना दोष देतो, पण दोष या ज्ञानाच्या वापरात असतो. म्हणूनच मला ते पत्र फार प्रामाणिक वाटते. त्या गृहस्थांनी आपलाच शब्द खरा प्रेमळ आणि बायकोचा कडू, असे लिहिले नाही. दोघे दुखावतो, असे लिहिले.

आपल्या दुभाषिक घरांना हे फारसे समजावून सांगावे लागणार नाही. बेळगाव-निपाणीकडच्या घरात 'खुळा' दिवसातून दहा वेळा येतो आणि त्याला कुणी मोजत नाही. तोच अर्थ कन्नडमधून 'हुच्चा' होऊन आला, की ज्याच्या लहानपणात तो शब्द नव्हता त्याला तो एकदम वेड्यांच्या इस्पितळापर्यंत पोचवल्यासारखा लागतो. कन्नड घरातून आलेल्या सुनेला 'खुळी' ऐकताना तेच वाटते. गोव्यातले 'पिशें' हे लाडाने म्हटलेले असते, पण लाड ऐकू यायला आधी ते कुणीतरी लाडाने म्हटलेले असावे लागते. इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबांचा अनुभव तर शिवीशिवायचा आहे : घरात आईला 'तू' म्हणणारा मुलगा शेजारच्या हिंदी बोलणाऱ्या काकूंना त्याच निरागसपणे 'तू' म्हणतो, आणि उद्धट ठरतो. शब्दाचा अर्थ शिकता येतो. तो ज्या मांडीवर ऐकला ती मांडी शिकता येत नाही.

जपानी भाषेत तर सर्वनामांनीच शिवी देता येते. 'किसामा' हा आज तोंडावर फेकायचा शब्द आहे, पण त्यातली चिन्हे 'आदरणीय' आणि 'साहेब' अशी आहेत, आणि कित्येक शतकांपूर्वी तो पत्रात खऱ्याच आदराने लिहीत. 'ओमाए'चेही तेच : एके काळी वडीलधाऱ्यांपुढे योजायचा, आज बरोबरीच्या किंवा खालच्या माणसासाठी. मान देता देता शब्द इतका झिजतो की त्याचा अपमान होतो. संस्कृतने हा चमत्कार आधीच करून ठेवला आहे. 'देवानांप्रिय' ही सम्राट अशोकाची पदवी, आणि पुढच्या वैयाकरणांनी तिचा अर्थ 'मूर्ख' असा नोंदवला.

या सगळ्यात एक विषमता आहे, आणि ती नकाशावर दिसत नाही. 'अहो' म्हणणाऱ्याला ठाऊक असते की आपला शब्द ओसाकाचा आहे. 'बाका' म्हणणाऱ्याला मात्र आपला शब्द टोकियोचा आहे असे सहसा वाटत नाही. त्याला वाटते तो जपानी आहे. प्रमाणभाषेत जन्मलेल्या माणसाच्या शिव्यांना गाव नसते. तो चिडून बोलला तर राग दिसतो, दुसरा चिडून बोलला तर बोली दिसते. ओकिनावात मेईजी काळापासून शाळांमधून 'होगेन-फुदा' नावाची लाकडी पाटी होती. जो विद्यार्थी घरची भाषा बोलेल त्याच्या गळ्यात ती अडकवायची. त्याने दुसऱ्या कुणाला बोलताना पकडले की पाटी त्याच्या गळ्यात जाई. काही ठिकाणी महायुद्धानंतरही ही प्रथा चालू राहिली. तिथल्या मुलाने मैदानात दोस्ताला 'फुरिमुन' म्हटले, तर पाटी गळ्यात पडायची ती दोस्ताचा अपमान केल्याबद्दल नाही, ओकिनावाच्या भाषेत केल्याबद्दल. 'बाका' म्हटले असते तर तो मोकळा. जिथे शिवीपेक्षा शिवीची भाषा मोठा गुन्हा ठरते, तिथे सौम्य कोण आणि उद्धट कोण याचा निवाडा आधीच होऊन गेलेला असतो.

क्योतोचे लोक या भांडणात नसतात, अशी समजूत आहे. ते शिवीच देत नाहीत. पाहुणा फार वेळ बसला तर त्याच्या घड्याळाची तारीफ करतात. शेजारच्या मुलीच्या पियानोचा त्रास झाला तर तिचा हात छान बसला असे तिच्या आईला सांगतात. उठायचे सुचवायचे असेल तर चहात भिजवलेला भात वाढू का म्हणून विचारतात. भाताची गोष्ट राकुगो या कथाकथनातून इतकी पसरली की खुद्द क्योतोकरांना तिचा कंटाळा आला आहे, आणि प्रत्यक्षात असे कुणी विचारत नाही असे ते कळवळून सांगतात. गोष्ट खरी असो वा रचलेली, मला स्वतःला तारीफ करणाऱ्यापेक्षा 'अहो' म्हणणारा परवडतो. शिवी देणारा निदान आपल्या वाक्याला मालक म्हणून उभा राहतो. घड्याळाची तारीफ करणाऱ्याला पकडायला गेलात, तर तो म्हणेल, घड्याळ खरेच छान आहे की हो.

कायद्याने यात पडावे का, हा प्रश्न जपानला अलीकडे टाळता आला नाही. तिथल्या दंडसंहितेचे कलम २३१ अपमानाविषयी आहे. एखाद्याचा सार्वजनिकपणे अपमान केला, त्यात कोणतेही ठोस विधान नसले तरी, तो गुन्हा. पण शिक्षा नाममात्र होती : तीस दिवसांच्या आतली कोठडी किंवा दहा हजार येनच्या आतला दंड. मे २०२० मध्ये किमुरा हाना या बावीस वर्षांच्या कुस्तीपटूने, एका दूरचित्रवाणी मालिकेतल्या प्रसंगावरून समाजमाध्यमांवर तिच्यावर झालेल्या अपशब्दांच्या भडिमारानंतर, आपले आयुष्य संपवले. त्यानंतर कायदा बदलला, आणि जुलै २०२२ पासून एक वर्षापर्यंत कैद किंवा तीन लाख येनपर्यंत दंड अशी तरतूद लागू झाली. लिहिलेल्या शब्दाला चेहरा नसतो, आवाजाची ओढ नसते, 'अहो या ना'मधला तो लांबवलेला 'ना' नसतो. हजार जणांनी लिहिलेले हजार शब्द वाचणाऱ्याला कोणत्या गावचे वाटावेत? तिथे नकाशा निरुपयोगी होतो, आणि कायदा यावा लागतो. पण त्या कलमातला 'सार्वजनिकपणे' हा शब्द घराच्या उंबऱ्याशी थांबतो. नवराबायकोच्या स्वयंपाकघरात कलम २३१ पोचत नाही. तिथे कुणीतरी पत्रच लिहावे लागते.

साकाता तोशिओ हे ओसाकाचे मान्झाई कलावंत. सोंग नेहमीच मूर्खाचे, आणि त्यांची ओळखच 'अहो नो साकाता' : मूर्ख साकाता. रस्त्यात लोक त्यांना याच नावाने ओळखत, आणि हे नाव त्यांनी जन्मभर पदवीसारखे मिरवले. डिसेंबर २०२३ मध्ये वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी ते वारले. त्या शोकवार्तांत ओसाकाप्रमाणेच टोकियोच्या वर्तमानपत्रांतही त्यांच्या नावामागे 'अहो' हा शब्द छापलेला होता, आणि तो कुणाला लागला नाही.